अप्पांच्या बोटीचा ब्रेकर

बोटीचं वायरिंग करणाऱ्याकडं किस्से साठतातच. दुकानात गिऱ्हाईक कंटाळलं की उठून जातं. तळ्याच्या मधोमध कुठं जाणार? बोलतच बसतं! माझं अणदूरला इलेक्ट्रिकचं दुकान. जवळच्या तलावावर शिवलिंगअप्पांची बॅटरीवर चालणारी बोट आहे, तिचं काम माझ्याकडं.

•

अप्पांनी बोटीच्या पुढच्या टोकाला दिवा स्वतःच बसवला. बॅटरी मागं, दिवा पुढं, मधे दारावरच्या बेलची बारीक वायर! दिवा लागलाय का बघायला बोट चालवणाऱ्या युसूफचाचांना मोबाईलचा टॉर्च मारावा लागायचा.

मी म्हटलं, "अप्पा, बॅटरी बारा व्होल्टची. घरच्यापेक्षा लई जास्त करंट ओढतो हा दिवा. वायर जाडच पायजे."

"म्हंजे दिसायला बारीक अन् खायला भारी?"

"व्हय."

"आमचे जावईच की!"

•

बोटीतलं पाणी उपसणारा पंप लावला की ब्रेकर पडायचा, म्हणजे करंट आपोआप तुटायचा. पंपात कचरा अडकला होता. अप्पांनी तो न बघताच दुप्पट मोठा ब्रेकर आणून बसवला आणि मला फोन केला, "ताई, मिटलं बघा! आता पडतच न्हाय."

दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन. "बेटी, ब्रेकर न्हाय पडत. पर वायरचं कातडं गळून पडायलंय!"

धावत गेले. बोट रिकामीच काठाला बांधलेली दिसली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. वायर बदलली, पंप साफ केला, वायरीला झेपेल तेवढाच ब्रेकर बसवला.

"म्हंजे ब्रेकर वायरीला जपतो व्हय?" अप्पा म्हणाले. "अन् म्या पंपाच्या वाटणीच्या शिव्या त्यालाच घातल्या!"

•

तेव्हा गाण्याचा स्पीकर आणि पंप एकाच वायरीवर होते. तुळजापूरचं दर्शन उरकून आलेली पोरं चाचांच्या मागं लागली, "चाचा, गाणी लावा की!"

चाचा शांतपणे म्हणाले, "गाणी अन् पाणी उपसायचा पंप, दोन्ही एकदम न्हाय चालत. ठरवा. नाचायचंय का तरंगायचंय?"

•

अप्पांच्या लेकीला, गिरिजाला बघायला धाराशिवहून पाहुणे आले. मुलाचे वडील आल्यापासून तापलेले. चहा गोड, रस्ता खराब, ऊन फार! आई गप्प. वातावरण निवावं म्हणून अप्पांनी सगळ्यांना बोटीत बसवलं, मलाही घेतलं. चालवायला गिरिजाच होती.

मधोमध गेलो आणि खट्! ब्रेकर पडला, मोटार बंद.

वडील ताडकन उभे राहिले. "बुडवता का आम्हाला?" बोट हेलकावली.

"काका, खाली बसा," गिरिजा म्हणाली.

काका बसले!

"पंख्यात शेवाळ गुंतलंय. मोटारीवर जोर आला, म्हणून ब्रेकर पडला. बरं झालं, वायर वाचली. जरा गार होऊ द्या, मग चालू करते."

तिनं मोटार वर उचलली, शेवाळ उपसलं, ब्रेकर वर केला. मोटार घुमली. काठ येईपर्यंत काकांनी अवाक्षर काढलं नाही.

उतरताना मुलाच्या आईनं गिरिजाचा हात धरला. आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"पोरी, असला एक ब्रेकर आमच्या घरी बसवशील का गं?"