बॅटरीची वायर

सुकलालभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पायात चपला सरकवून त्यांच्याकडेच निघालो होतो. शेजारच्यांच्या फोनवर भाऊंचा मेहुणा बोलला, "भाऊ सकाळीच गेले. निघा." निघालो होतोच की... भेस्तान ते गोडादरा, अंतर ते केवढं! पण त्यांना एक गोष्ट सांगायची म्हणून मी पाच वर्षं निघतच होतो, आज सांगू, उद्या सांगू करत. आता महिना उलटून गेला. ज्यांना सांगायचं ते राहिले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. चूक माझी होती आणि शिक्षा त्यांनी भोगली.

सुकलालभाऊ माझ्याच गावचे, अमळनेरकडचे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. आम्ही दोघंही कापडाच्या लूमवर राबायला सुरतेत आलो. तिथल्या तंतूंनी त्यांचा खोकला हटेना, तेव्हा ते ट्रकच्या वायरिंगचं काम शिकले आणि मलाही कारखान्यातून ओढून घेऊन गेले. माणूस शांत, पण कामात भलता कडक. गाडी चार्जिंग करत नाही म्हटलं की बाकीचे मिस्त्री बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच सरळ उतरवायचे. हे आधी पट्टा दाबून बघणार, मग बॅटरीची टोकं घासणार, मग अर्थिंग तपासणार, आणि अल्टरनेटरला हात सगळ्यात शेवटी. मी घाई केली की म्हणायचे, "दिलप्या, त्या बिचाऱ्यावर आळ घेऊ नको रे. आधी बाकीच्यासले इचार!" मी हसायचो. मला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ काढतो. मी स्वतःला फार हुशार समजायचो तेव्हा.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एका ट्रस्टचा फिरता दवाखाना दुरुस्तीला आमच्याकडे यायचा. डिझेल ट्रकवर बांधलेली मोठी पेटी, आत डॉक्टरांची खुर्ची, पंखे, दिवे आणि लसींचा छोटा फ्रिज. एवढा भार एका अल्टरनेटरला झेपायचा नाही, म्हणून इंजिनावर दोन बसवलेले, दोन्ही मिळून एकाच बॅटरीला चार्ज करायचे. चलथाणला ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर जायच्या आदल्या दिवशी ती गाडी आली. फ्रिज गार राहत नव्हता, बॅटरी उतरत होती. भाऊंनी अख्खी सकाळ घालवली. एक अल्टरनेटर ठणठणीत निघाला, दुसऱ्याचं बेअरिंग गेलं होतं आणि आतले कार्बनचे ब्रश झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते. नवा आणला, बसवला, दोन्ही पट्टे एका रेषेत आणले. शेवटी बॅटरीच्या वायरी लावताना एक ठिणगी उडाली, तशी ती उडतेच. मग भाऊ हात धुऊन भाकर खायला घरी गेले. जाताना म्हणाले, "मी येस तवलोक इंजिन चालू करू नको."

आणि मी केलं. ड्रायव्हर घाई करत होता, म्हणाला, "मिस्त्री, चार्ज होतंय का नाही ते तरी दाखवा." जुन्या डायनामोच्या गाड्यांवर आमची एक रीत होती : इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उचलायची. दिवे तसेच राहिले की डायनामो चांगला. सगळी सुरत असंच करायची. अल्टरनेटरवर हे चालत नाही, वायर उचलली की विजेचा झटका त्याच्याच पोटात जातो, हे भाऊंनी मला दहादा बजावलं होतं. पण ड्रायव्हरसमोर शहाणपण पाजळायची हौस ना! मी ॲक्सिलरेटर दाबायला लावला आणि वायर उचलली. दिवे क्षणभर पांढरेफटक झाले नि मग मंदावले. मी वायर परत लावली, इंजिन बंद केलं आणि ड्रायव्हरला म्हणालो, "झकास आहे, जा चहा पिऊन या."

भाऊ आले, गाडी चालू केली, तर दोन्ही अल्टरनेटर मेलेले. नवासुद्धा. त्यांनी उघडून पाहिले, आतले डायोड जळाले होते. मग ती ठिणगी त्यांना आठवली; वायरी क्षणभर उलट्या टेकल्या तरी डायोड असेच जळतात. "वायरी उलट्या लागी गयात मना हातनी," एवढंच म्हणाले. मी समोर उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण लागला असता... मी पान्हे पुसत राहिलो. फ्रिजमधल्या लसी फेकून द्याव्या लागल्या, चलथाणची फेरी रद्द झाली. ट्रस्टचे व्यवस्थापक आले आणि चार माणसांसमोर बोलले, "हवे आ गाडीने हाथ ना लगाडता." यापुढे या गाडीला हात लावू नका! भाऊ मान खाली घालून "चूक मनी शे" म्हणाले. आणि पुढची गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण लिहितो : ती गाडी नंतर दुरुस्तीला माझ्याकडे आली. तिच्यामुळेच मी भेस्तानला स्वतःचं दुकान टाकलं. भाऊंनी पुन्हा ट्रकला हात लावला नाही. रिक्षांचे हॉर्न, स्कूटरचे दिवे, बस्स.

शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, छातीचा पिंजरा झालेला. मी ठरवून गेलो होतो. पण घरात माणसं बसलेली, मी गावाकडच्या गप्पा मारत राहिलो. त्यांनीच विचारलं, "ती दोन अल्टरनेटरनी गाडी चालस का अजून?" म्हटलं, चालते. त्यांच्या चेहऱ्यावर किती समाधान दिसलं! मी म्हणालो, "भाऊ, रविवारी येतो, निवांत बोलू." तो रविवार उजाडला तो हा निरोप घेऊन.

तेराव्यानंतर मी वैनींना सगळं सांगितलं. वैनी नाशिककडच्या, मोजकं बोलणाऱ्या. मला वाटलं, शिव्या देतील, हाकलून देतील. दिल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी पदराचं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाल्या, "तेव्हापासून ते गॅसची टाकी लावायचे ना, तर मला हाक मारायचे. म्हणायचे, तू एकदा हात लावून बघ, माझ्या हाताचा भरवसा नाही. दर वेळी. आणि मी त्यांना हसायची, भावजी... एवढा मिस्त्री माणूस आणि टाकीला घाबरतो म्हणून हसायची."

थोड्या वेळानं त्या चहा ठेवायला उठल्या, तर गॅस संपलेला. भरलेली टाकी कोपऱ्यात होती. "मी लावतो," म्हटलं आणि लावली. मी बाजूला झालो तशा वैनी पुढे आल्या, खाली वाकल्या आणि टाकीच्या जोडावर हात ठेवून बघू लागल्या.