राग उतरवायची पुडी

नवऱ्यानं पहिल्यांदा मला पट्ट्यानं मारलं त्या उन्हाळ्यात सासू म्हणाली, "त्याच्या अंगात उष्णता हाय. धने-बडीशेप उकळून देत जा की." सोलापूरच्या उन्हावर खापर फोडणं सोपं, ऊन काही उलटून बोलत नाही. मी तिचं ऐकलं. वाळा उकळला, गच्चीवर तेलाच्या डब्यात गवती चहा लावला, तुळशीला तर पान शिल्लक ठेवलं नाही. चादरींच्या दुकानात नवरा गिऱ्हाइकांशी नुसती साखर, आणि घरात पाय टाकला की हात सुटायचा. माझा एक दात गेला, कानात महिनाभर घूं घूं होत राहिलं. हे सगळं मी सोसत होते, कारण सात वर्षांच्या माझ्या मुलीला त्यानं अजून बोट लावलं नव्हतं. त्यानं शांत व्हावं ते तिच्यासाठी. माझ्या पाठीचं काय, ती निबर झाली होती.

शेवटी बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. सुजलेल्या गालावर पदर ओढून म्हटलं, "मालकांचं डोकं फार तापतं. चहासारखं घेता येईल असं काही द्या." दुकानदारानं एक प्रश्न विचारला नाही. ब्राह्मी, जटामांसी, ज्येष्ठमध घातलेली पुडी त्यानं मागच्या डब्यातून काढली. आधीच बांधून ठेवलेली होती.

"लई खपतंय हे," तो म्हणाला. "बायकाच नेत्यात."

माझ्यामागच्या बाईनं हात पुढं केला. "मला बी तीच दोन द्या. आमच्या गावाला, मंद्रूपला मिळत न्हाय हे." तिच्या मनगटावर बांगड्या फुटून रुतल्याचे वण होते.

मी हळूच विचारलं, "फरक पडतो का हो?"

"पडतोय की. मारून झाल्यावर गाढ झोपतोय," ती म्हणाली आणि चक्क हसली.

मला असा संताप आला की तिच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. पुडी पिशवीत टाकून घरी आले.

संध्याकाळी तो चहा केला. मी नको नको म्हणेपर्यंत मुलगी हौसेनं कप घेऊन बाहेर गेलीसुद्धा. "बाबा, आईनं नवा चहा केलाय." कप कलंडला, चार थेंब त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर पडले. त्यानं तिची वेणी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटायच्या आत मी खलातला बत्ता उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. मग खांद्यावर घातला, मग गुडघ्यावर. तो खाली पडला तरी मी थांबले नाही, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. सासू दारातून ओरडत होती, "मेला की गं त्यो!" तो मेला नव्हता, कण्हत होता.

मुलीला ओढत मी रस्त्यावर आले आणि रिक्षा शोधू लागले. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं. कोपऱ्यावर तिनं हिसका देऊन हात सोडवला आणि माझ्यापासून लांब सरकली. तिची नजर माझ्या दुसऱ्या हातावर होती. त्यात तो बत्ता तसाच होता.

"आई," ती म्हणाली, "मी आता कधीच काही सांडणार नाही."