सवरिमुत्तूची पाचर

आमच्या तिरुचीतल्या मातेच्या देवळात पूर्वी मधोमध भिंत होती. एका बाजूला वरच्या गल्ल्यांतले ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला आम्ही, ख्रिस्तीच पण कबरी खणणाऱ्यांची आणि चामडं कमावणाऱ्यांची पोरं. ती भिंत माझ्या आजोबांच्या वेळी पाडली. रथाचा रस्ता मात्र तोच राहिला. जत्रेत मातेचा रथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो आणि डावीकडे वळतो, आत येत नाही.

वळवायचा सवरिमुत्तू. गल्ली त्याचीही तीच.

रथ वळतो तो चाकाखाली टाकलेल्या लाकडी पाचरीने. तिरकी टाकली की वळतो, आडवी टाकली की थांबतो. काम जिवावरचं, म्हणून आमच्याकडे. डावं चाक त्याचं, उजवं माझं. पाचर तो स्वतः चिंचेच्या लाकडाची तासायचा. दुसऱ्याने तासलेली हातात धरत नसे. एरवी गोदामात पोती उचलायचा.

देवळाला दोनशे वर्षं झाली तेव्हा त्याची बायको सेबास्तियम्मा अंथरुणाला खिळली होती. रथातल्या मातेचं तोंड एकदा दारातून दिसावं, एवढंच तिचं मागणं. गल्लीला वाक आहे. तिच्या दारातून रथ दिसायला लागतो तोवर तो वळलेला असतो. दिसते ती पाठ.

सवरिमुत्तू रथसमितीच्या लूर्दुसामींकडे गेला. मी सोबत होतो.

"गल्ली अरुंद आहे रे," ते म्हणाले.

"मोजलीय अय्या. रथ जाऊन दोन्ही अंगांना माणूस उभा राहील."

"दोनशे वर्षांचा रस्ता आहे. वारसा म्हणतात तो हाच. तुझ्या बायकोसाठी बदलू?"

"भिंतही वारसाच होती," मी म्हणालो.

"तू तुझं उजवं चाक बघ."

परतताना सवरिमुत्तू म्हणाला, "यंदा पाचर टाकत नाही. जाऊ दे सरळ."

"दोर ओढणारे वरच्या गल्ल्यांतले. ते दोर सोडून देतील."

"सोडू देत. उतार आहे. चार पावलं आत आला तरी तिला दिसेल."

जत्रेच्या सकाळी त्याने तिची खाट दाराशी ओढली, पाठीला उशा लावल्या. रथ आला. दोर ओढणारे सवयीने डावीकडे वळले, रथ सरळ पुढे सरकला. एवढ्यात दोरावरचा शेवटचा माणूस घसरून डाव्या चाकापुढे पडला. सवरिमुत्तूने हातातली पाचर टाकली. कोण पडलंय ते त्याने पाहिलं नाही. चाक करकरलं, रथ वळला. पडलेला उठला, धोतर झटकून पुन्हा दोराला लागला.

"शाबास सवरि," लूर्दुसामी म्हणाले. "हात अजून पक्का आहे."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सेबास्तियम्मा खाटेवर तशीच टेकून होती.

"मुकुट दिसला," ती म्हणाली. "तोंड दिसायच्या आत माता वळली. कुणी पडलं होतं का हो?"

"हो."

"वाचला?"

"वाचला."

"मग आडवी का नाही टाकलीत? थांबली असती ना."

"त्या कोपऱ्यावर हाताला आडवी येतच नाही," तो म्हणाला.

पावसाळ्यात ती गेली. पुढच्या जत्रेआधी त्याने समितीला डाव्या चाकासाठी दुसरा माणूस बघायला सांगितलं. समितीला शोधावं लागलं नाही. आमच्याच गल्लीतले तिघे त्या कामासाठी समितीच्या दारात उभे होते.