वायफायची पंगत

आमच्या भावकीत कॉलेजची डिग्री आणणारा मी पहिला, तीही कॉम्प्युटरची. त्यामुळे अर्धापूरजवळच्या आमच्या घरी वायफाय आलं तेव्हा राउटरला हात फक्त मीच लावणार, असं मीच जाहीर केलं. लाइन एक आणि फोन पाच. एकानं व्हिडिओ लावला की दुसऱ्याचा अडायचा. नेट आधी कुणाला द्यायचं ते राउटरमध्ये ठरवता येतं. मी पंगत मांडली: आधी आप्पा म्हणजे माझे वडील, मग काका, मग माय, मग मी, शेवटी धाकटी बहीण. नांदेडला जाऊन एवढं शिकलो आणि वायफायमध्ये वडीलधाऱ्यांचा मान आणला!

"आप्पा, नेटात तुमचा नंबर पहिला," मी छाती फुगवून सांगितलं. आप्पांनी ते पारावर सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात बहिणीची मुलाखत होती, लातूरच्या एका लॅबमधल्या नोकरीसाठी, व्हिडिओवर. पहिल्याच प्रश्नाला लॅपटॉपमधले साहेब तोंड उघडं ठेवून थिजले.

"दादा, बघ तुझं इंजिनिअरिंग काय करून राहिलं!" ती दबक्या आवाजात ओरडली.

ओसरीत आलो तर आप्पांच्या फोनवर कुस्ती, भोवती पारावरचे सगळे म्हातारे. "ह्याच्या फोनात पैलवान अडकतच न्हाई," एक जण कौतुकानं म्हणत होता. सेटिंग बदलावी तर राउटर बंद होऊन परत चालू होणार, म्हणजे मुलाखतच तुटणार. आणि एवढ्या लोकांत आप्पांना थांबा म्हणायचं कोणत्या तोंडानं? पहिला नंबर मीच दिलेला. शेवटी आप्पांच्या कानाशी जाऊन मुलाखतीचं पुटपुटलो.

आप्पांनी फोन बंद केला. "लग्नात मुलीकडचे शेवटी जेवतेत. आज आपण मुलीकडचे हाव."

"अन् नवऱ्याकडचे कोण?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"लातूरवाले!"

आत साहेबांचं तोंड एकदाचं मिटलं.

संध्याकाळी मी क्रम माणसांवरून काढून कामावर लावला. व्हिडिओवरचं समोरासमोरचं बोलणं आधी, कारण ते अडलं की संपलंच. कुस्ती शेवटी, कारण थांबत थांबत पाहिली तरी जिंकणारा पैलवान तोच. पण तिलाही थोडं नेट राखून ठेवलं, अगदी उपाशी ठेवलं नाही.

बहिणीला नोकरी लागली. पेढे वाटताना आप्पा सांगत होते, "म्या फोन बंद केला म्हणून लागली." माझ्या डिग्रीचं नाव कुणी काढलं नाही. पैलवान हवेत अडकला की मात्र ओसरीतून हाक येते, "ओ इंजिनिअर, ह्याला खाली आपटा की!"