सुदृढ गटाचा तास

'सुदृढ' या शब्दावर माझा राग आहे. शब्दाची काही चूक नाही, तो बिचारा चांगलाच आहे. पण आमच्या शाळेत एका वर्षी त्याचा जो वापर झाला, तो आठवला की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावरही माझं डोकं फिरतं.

मी सदाशिव पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि वरून एक परिपत्रक आलं. किशोरवयीन मुलामुलींमधला लठ्ठपणा वाढतो आहे, अशा विद्यार्थ्यांना शाळांनी आरोग्यशिक्षण द्यावं आणि काय केलं त्याचा अहवाल वर्षअखेर पाठवावा. परिपत्रकात काही वावगं नव्हतं. ज्याने लिहिलं त्याने मनापासून लिहिलं असेल. आमच्याकडे पोचल्यावर मात्र त्यातला फक्त अहवाल उरला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून काम सोपवलं. नववीच्या जाड मुलींची यादी करायची आणि आठवड्यातून दोन तास त्यांना शिकवायचं. मी म्हटलं, वजनकाटा बिघडलाय, आधी तो दुरुस्त करून घ्यावा लागेल, उंचीही मोजावी लागेल. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, काटा कशाला? दिसतंच की." मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका असं मुलींना जन्मभर बजावत आलेली मी, वही घेऊन नववीच्या बाकांमधून फिरले आणि नुसत्या नजरेने मुली टिपल्या. तेवीस जणी निघाल्या. मुली मान खाली घालून लिहीत होत्या, पण मी कशासाठी फिरते आहे हे मी दुसऱ्या रांगेला पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. पोटं आत ओढून घेतलेली मला दिसत होती. तरी मी फिरतच राहिले.

आता यादीला 'जाड मुली' असं नाव कसं देणार? आमची शाळा सुसंस्कृत. मोठ्या बाईंनीच सुचवलं, 'सुदृढ गट' लिहा. मी माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि यादी सूचनाफलकावर लागली. मधल्या सुट्टीपर्यंत त्या शब्दाची पार वाट लागली होती. 'ए सुदृढ, सरक.' 'सुदृढ आली गं, बाक सांभाळा.' शिक्षकांच्या खोलीतसुद्धा एक-दोघी मला विचारू लागल्या, तुमची सुदृढ मंडळी काय म्हणतात म्हणून. एवढ्या चांगल्या शब्दाबद्दल तक्रार तरी कुठे करणार, हाही प्रश्नच होता.

मग तास कुठून काढायचे यावर खल झाला. गणिताच्या बाई तास सोडेनात, इंग्रजीच्या सोडेनात, विज्ञानाचे धडे माझेच मागे राहिलेले. शाळेत ज्याला कुणी वाली नाही असा तास एकच, खेळाचा. तो ठरला. म्हणजे ज्या मुलींनी हालचाल करावी असं परिपत्रकाचं म्हणणं होतं, नेमक्या त्यांनाच मैदानावरून उचलून वर्गात बसवायचं आणि हालचालीचे फायदे लिहून द्यायचे. मोठ्या बाईंना यात काही विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही वाटलं नाही, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे.

त्या तेवीस जणींत एक मुलगी होती. वडिलांचा मंडईत फळांचा गाळा. ती अभ्यासात बेताची, बोलायला कमी, अंगाने चांगली भरलेली. पण दोन वर्षं शाळेच्या लेझीमच्या पथकात ती पहिल्या रांगेत होती, आणि ते उगीच नव्हतं. हलगी सुरू झाली की ती पोर जमिनीला जेमतेम टेकायची. बारीक मुली धापा टाकून कडेला बसायच्या तेव्हा हिचा ठेका तसूभर हललेला नसायचा. रोज तासभर नाचायची ती. माझ्या यादीत यायचं तिला काहीच कारण नव्हतं, आणि काटा असता तरी तिला नाचू देण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिल्या तासाला ती टेबलाजवळ आली. संमेलनाची लेझीम बसवायला घेतली आहे, मी आज तिकडे गेले तर चालेल का, असं तिने विचारलं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगून मी तिला जागेवर पाठवलं आणि मुद्दे सांगायला लागले. आहारात तळलेले पदार्थ कमी असावेत. खालून शाळेच्या कॅन्टीनमधल्या बटाटेवड्यांचा वास येत होता. त्या कॅन्टीनबद्दल मी एकदा बोलून पाहिलं होतं, तर तो विषय संस्थेचा आहे, असं उत्तर मिळालं. नियमित व्यायाम करावा. खाली मैदानावर हलगी वाजत होती. बाकाखाली तिचे पाय ठेका धरत होते. मी ते पाहिलं आणि म्हटलं, "पाय हलवू नकोस. लक्ष दे इकडे."

हे वाक्य मी बोलले आहे. व्यायामाचे फायदे शिकवताना बोलले आहे.

पाच-सहा आठवडे असेच गेले. एका रविवारी मी मंडईत मेथी निवडत होते, तर तिची आई गाळ्यावरून उतरून माझ्याकडे आली. भांडायला आली असेल असं मला वाटलं, पण ती सल्ला विचारायला आली होती. मुलगी डबा परत आणते, रात्री ताटावरून अर्ध्यात उठते. त्याहून आईला दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. मुलगी संध्याकाळी सराव करायची आणि खालचे लोक नेमाने तक्रार घेऊन वर यायचे. "आता तेच विचारतात," आई म्हणाली, "मुलगी गावाला गेलीय का म्हणून."

सोमवारी मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. हा तास बंद करा, नाहीतर मला तरी तो मैदानावर घेऊ द्या, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की संमेलन होईपर्यंत मैदान मोकळं नाही. मग निदान त्या एका मुलीला लेझीमला सोडा, म्हटलं. यावर त्या किंचित हसल्या. खेळाच्या बाईंनी तिच्या जागी दुसरी मुलगी केव्हाच घेतली होती. "अहो, पाहुणे येतात. पहिली रांग एकसारखी दिसायला नको का? तुमच्या यादीमुळे ते आपोआपच जमलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला. मुलींच्या आरोग्याच्या नावाखाली तुम्ही रांग सरळ करून घेतलीत, हे तोंडावर म्हटलं. आजही मला ते म्हटल्याचं समाधान वाटतं. पण पुढे काय केलं? अहवाल जायचा आहे, तास बंद करता येणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि मी गुरुवारी परत वर्गात जाऊन मुद्दे सांगितले. नोकरीची भीती नव्हती, मी कायम होते. सवय होती, दुसरं काही नाही.

संमेलन झालं. लेझीम बरी झाली, पहिली रांग एकसारखी दिसली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीला मागे खुर्च्या लावायचं काम दिलं होतं.

मग मैदान मोकळं झालं आणि मी माझं म्हणणं खरं केलं. कपाटातून सगळ्या लेझीम काढून घेतल्या, हलगीवाल्याला थांबवून घेतलं आणि वर्गात जाऊन सांगितलं, वह्या मिटा, आजपासून आपला तास खाली. मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग बाकं सरकवत पळाल्या. ती उठली नाही. मी जवळ गेले. एक लेझीम खास तिच्यासाठी हातात धरली होती, ती पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"नको बाई. मी नाचताना कशी दिसते ते मला आता माहीत आहे."

कोण म्हणालं तुला असं, कुठल्या मुलीने म्हटलं, नाव सांग, असं मी तिला दरडावून विचारलं. मला कुणीतरी सापडायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, उर्मटपणाही नव्हता. मी एवढं सोपं कसं विसरले याचं तिला नवल वाटत असावं.

"कुणी काही म्हणालं नाही, बाई. तुम्हीच आला होतात ना बघायला, वही घेऊन."

खाली हलगी सुरू झाली. मी बाकाखाली पाहिलं. तिचे पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले होते आणि जराही हलत नव्हते.