पन्नास किलोसाठी

आईनं दुसरं लग्न केलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि राग सदा नाकावर. नवे काका सज्जन माणूस, इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरात मला आयता एक भाऊही मिळाला, नऊ वर्षांचा. आईशी त्याचं महिन्याभरात गूळपीठ जमलं. मला मात्र तो "ए" म्हणायचा. एकदा मित्रांना माझी ओळख करून दिली ती अशी, "ही आमच्या घरी राह्यते." मला जाम झोंबलं. भाऊ मिळणार म्हणून मी काय काय ठरवून आले होते, आणि हा दीडशहाणा मला भाडेकरू समजत होता.

वर्षभरात त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, पण वेळ लागेल. केमो झाली की त्याच्या प्लेटलेट घसरायच्या, नाकातून रक्त यायचं, मग दाते शोधायची धावपळ. माझा रक्तगट नेमका त्याचाच. नुकतीच अठराची झाले होते, ऐटीत रक्तपेढीत गेले. तिथल्या ताईंनी वजन केलं. शेहेचाळीस.

"पन्नासच्या खाली प्लेटलेट घेत नाही. आधी नीट जेवत जा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी भोकाड पसरलं. तो बरा व्हावा असं तर वाटतच होतं. पण खरं सांगू? माझं काहीतरी त्याच्या अंगात जाऊ दे, मग बघते मला घरात राहणारी कसा म्हणतो, असंही मनात होतं.

त्याला वजनाचं कळलं आणि पठ्ठ्यानं माझं खाणं ताब्यात घेतलं. औषधांनी तोंड आलेलं, स्वतःला वरणभात गिळवत नव्हता, पण रोज सकाळी हॉस्पिटलातून त्याचा व्हिडिओ कॉल यायचा.

"प्लेट दाखव."

मी तर्री-पोहे दाखवायचे.

"इतकुसेच? अजून घे."

"पोट फुटून राहिलं ना गा माझं."

"फुटू दे. इथं टाके घालतात." मग हळूच विचारायचा, "तर्री तिखट आहे का? सांग ना वं."

मी रंगवून रंगवून सांगायचे. ऐकता ऐकता त्याच्याही पोटात दोन घास जास्त जायचे, असं आई सांगायची.

दर शनिवारी माझं वजन काकांच्या दुकानात व्हायचं. ज्या काट्यावर जुन्या पितळेची मोड तोलत, त्यावर मी चढायचे. एकदा गिऱ्हाईक म्हणून आलेल्या मावशींनी विचारलं, "पोरीले काहून तोलून राहिले?"

"वाढवून राहिलो," काका गंभीरपणे म्हणाले.

अठ्ठेचाळीसवर गाडी अडली ती हलेचना. वैतागून मी एका शनिवारी ओढणीत पितळी बत्ता दडवला. फोनवरून बघणाऱ्या त्यानं लगेच पकडलं. "ओढणी झटक," म्हणाला. बत्ता ठणकन खाली पडला आणि काकांसकट सगळं दुकान हसलं. आता तो कॉलेजात जातो, मला अजून चिडवतो.

तीन महिन्यांनी पन्नास किलो दोनशे ग्रॅम भरले. सकाळी जाऊन मी प्लेटलेट दिल्या. दुपारी त्याचा रिपोर्ट आला, तर त्याच्या आपल्याआपणच वर आलेल्या. उपचार लागू पडले होते, आता त्याला बाहेरून द्यायची गरज नव्हती. माझ्या प्लेटलेट शेजारच्या खाटेवरच्या मुलीला चढवल्या.

आई-काकांचे डोळे आनंदानं भरून आले. माझेही भरले, पण मेलं रडू वेगळंच होतं. एवढं खाल्लं ते वाया गेलं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

तो मात्र खाटेवर ताठ उठून बसला आणि सिस्टरवर उखडला.

"तिले काहून दिल्या? माह्या बहिणीच्या होत्या त्या."