हयात मुलं किती

मलकापुरात मी तेव्हा नवा मास्तर होतो आणि अंगात खुमखुमी होती. लढाईच्या दिवसांतली ती शिरगणती. काम बिनपगारी, म्हणून जुन्या मास्तरांनी तोंडं वाकडी केली. मला मात्र कापसाच्या जिनामागची वस्ती मिळाल्याचा केवढा अभिमान! घरोघर गेरूने नंबर मीच टाकले होते. माझ्या भागातलं एकही माणूस सुटायचं नाही, असा पणच केला होता म्हणा ना.

एका घरी जिनात काम करणाऱ्याची बायको दारात बसली होती. मांडीवर दीडेक वर्षाचं पोरगं. लग्न झालेल्या बाईला विचारायचा एक प्रश्न कागदावर होता: मुलं किती झाली, हयात किती?

"झाले चार," ती म्हणाली. "हयात एकबी नाही."

"आणि हा?"

"हा माहा नाही जी. शेजारच्या बुढीचा हाये. पसाभर ज्वारीत इकला तिले."

रीत मला ठाऊक होती. आधीची पोरं जगली नाहीत की पुढचं शेजारणीला नावापुरतं विकायचं. वाढवायचं आपणच, पण आपलं म्हणायचं नाही, म्हणजे मरणाला पत्ता लागत नाही. शेजारची म्हातारी कुडावरून हसत म्हणाली, "लिहा नं जी माह्या घरात. तुमचं काय जाते?"

माझं काहीच जात नव्हतं. वस्तीची बेरीज तेवढीच राहिली असती. पण मी पडलो उंटावरचा शहाणा. सरकारी कागदावर खोटं चालत नाही, साहेब तपासतो, दंड होतो, असं बरंच बोललो. ती कितीतरी वेळ पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग इतक्या हळू "माहा" म्हणाली, की मी तिला पुन्हा मोठ्याने म्हणायला लावलं. हे आठवलं की आजही माझी मलाच चीड येते. हयात एक, असं मी लिहिलं.

पुढे पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. वर्ग चालू होता. पोराला ताप होता, दवाखाना झाला, अंगारे झाले, ते डोळे उघडत नव्हतं. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मास्तर, तेवढं खोडा नं जी. त्याले बुढीच्या घरात लिहा. आताच्या आता लिहा."

खोडलं, एवढा एक शब्द बोलायचा होता. तिला वाचता येत नव्हतं. टेबलावरच्या कुठल्याही कागदावर मी रेघ मारली असती तरी चाललं असतं. पोरगं दुसऱ्या दिवशी गेलं, आणि माझ्या खोट्याने ते वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण तो एक दिवस ती त्याच्याजवळ जरा निवांत बसली असती.

मला ते सुचलंच नाही. कागद बुलढाण्याला गेले, तिथून नागपूरला जातील, आता त्यांना कोणालाच हात लावता येत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगत बसलो.

तिनेही सगळं नीट ऐकून घेतलं.

"नागपूर किती दूर हाये जी?" तिने विचारलं. "आता गाडीत बसली त सांजलोक पोचीन का मी?"